विहिरीचा विसावा

शाळेच्या पुस्तकात निसर्गसंपत्तीचे दोन भाग शिकवले जातात. कोळसा, खनिज तेल, धातू ही एकदा संपली की संपली. पाणी, अरण्ये, गवत, मासळी ही पुन्हा पुन्हा निर्माण होणारी. पहिल्या भागाविषयी जगाला काळजी वाटते. दुसऱ्याविषयी आपण सहसा निर्धास्त असतो. पाऊस दरवर्षी पडतो, तोडलेल्या झाडाला फुटवा येतो, मासळी लाखो अंडी घालते. मग चिंता कसली?

पवित्र शास्त्रात सारफथच्या विधवेची कथा आहे. दुष्काळाच्या दिवसांत एलिया संदेष्टा तिच्या दारी येतो आणि त्यानंतर तिच्या मडक्यातले पीठ सरत नाही, कुपीतले तेल आटत नाही. निसर्गाचे जे चित्र आपण मनात बाळगतो ते बरेचसे या मडक्यासारखे आहे. परंतु ती कथा सावकाश वाचली तर दोन गोष्टी ध्यानात येतात. त्या घराने रोजच्या भाकरीपुरते पीठ घेतले. मडक्याचा व्यापार मांडला नाही. आणि ते वरदान पुन्हा पाऊस पडेपर्यंतच्या मुदतीचे होते. न सरणाऱ्या मडक्यालाही देवाने मर्यादा घातली होती.

आज मला अशाच एका मडक्याविषयी वाचकांशी बोलायचे आहे. ते आपल्या वसईच्या वाड्यांखाली आहे. त्यातले गोडे पाणी आपले पूर्वज प्याले, त्यावर त्यांनी केळी आणि पानवेली वाढवल्या, आणि ते कधी संपेल असे त्यांच्या मनातही आले नाही. ते का संपले नाही, आणि आता ते का संपू पाहते, हे समजून घेतले तर पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला वसईची खाडी, पूर्वेला तुंगारेश्वराचे डोंगर आणि पश्चिमेला अरबी समुद्र, अशा चौकटीत आपला हा मुलूख आहे. किनाऱ्याकडची जमीन रेतीची आणि गाळाची, तिच्याखाली काळा कातळ. कोकणपट्टीत वर्षाला २००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. या सच्छिद्र जमिनीने तो पिऊन घ्यावा आणि उरलेले आठ महिने विहिरींतून थोडाथोडा परत द्यावा, असा हा जुना व्यवहार होता. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही विहिरीचे पाणी गोड लागते, याचे नवल आपल्याला सवयीने वाटेनासे झाले आहे.

त्या काळी पाणी काढण्याचे साधन रहाट होते. माझ्या लहानपणी बहुतेक वाड्यांतून रहाट गेलेले होते. पण वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात त्याचा कुरकुर आवाज अजून शिल्लक होता. लाकडी चक्र, त्यावरून विहिरीत सोडलेली मडक्यांची माळ आणि गोल गोल फिरणारे जनावर. मडकी भरून वर येत, पाटात रिकामी होत आणि पुन्हा खाली जात. या यंत्राचा एक मोठा गुण आपल्या लक्षात आला नाही, कारण तो दोषासारखा दिसत होता. जनावर थकत असे. ते थकले की रहाट थांबे. रहाट थांबला की विहिरीला विसावा मिळे आणि रात्रभरात झऱ्यांनी ती पुन्हा भरून येई. सकाळी माणूस पाहतो तो पाणी कालच्या खुणेवर. म्हणजे विहीर अक्षय होती, ती जनावराच्या थकव्यामुळे. कोणी नियम केला नव्हता, कोणी पहारा बसवला नव्हता. मर्यादा त्या साधनातच होती.

दुसरी व्यवस्था बावखलांची. बावखल म्हणजे काय हे या पानांच्या वाचकाला सांगण्याची गरज नसावी. परंतु शहरात वाढलेल्या नव्या पिढीसाठी सांगतो. वाडीच्या कडेला खोदलेले, उतरत्या काठाचे, विहिरीहून ऐसपैस असे ते गोड्या पाण्याचे तळे. भोवती नारळी आणि केळी, काठावर कपडे धुण्याचे दगड, पाण्यात मासे, बेडूक आणि पोहायला शिकणारी पोरे. पावसाळ्यात आजूबाजूचे पाणी वाहत येऊन बावखलात उतरे आणि तिथून हळूहळू जमिनीत झिरपे. विहीर ही पाण्याची बाहेर येण्याची वाट, तर बावखल ही आत जाण्याची. आपल्या वाडवडिलांनी दोन्ही वाटा शेजारी शेजारी ठेवल्या. त्यांना भूजलशास्त्राचे नाव ठाऊक नव्हते. पण जेथून घ्यायचे तेथे परत द्यायचे, हे ठाऊक होते.

पुढे काय झाले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. रहाटाच्या जागी तेलावरचे इंजिन आले, मग विजेचा पंप आणि नंतर बोअरच्या नळीत खोल सोडलेली मोटर. या साधनांनी शेतकऱ्याचे कष्ट वाचवले, आणि ते वाचायलाच हवे होते. पहाटेच्या अंधारात जनावरामागे चालणाऱ्यांचे हाल ज्यांनी पाहिले, ते रहाटाच्या आठवणीने गहिवरणार नाहीत. परंतु मोटर थकत नाही. बटण दाबले की ती चालते आणि विहीर कोरडी पडेपर्यंत चालू शकते. जनावराबरोबर विहिरीचा विसावाही गेला, आणि त्याच्या जागी दुसरा विसावा ठेवायचे कोणाला सुचले नाही.

त्याच सुमारास वसईचा कायापालट सुरू झाला. १९८८ नंतर बांधकामाचा जो लोंढा आला त्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने दीर्घ लढा दिला. २०२४ साली फादर दिब्रिटो आपल्यातून गेले. त्यांच्या लढ्यात पाणी हा प्रश्न अग्रभागी होता, हे आज पुन्हा आठवावे असे आहे. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महानगरपालिकेची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. इतक्या माणसांना पाणी हवेच. मुंबईत घर न परवडणारा कष्टकरी माणूस इथे आला, तो आपला बंधूच आहे आणि त्याची तहान आपल्या तहानेहून वेगळी नाही. आज सूर्या नदीवरील धामणी धरणाचे पाणी नळाने आपल्याकडे येते. तो प्रकल्प मुळात शेतीच्या सिंचनासाठी होता, हे नळ उघडताना आपल्याला आठवत नाही. पण नळाचे पाणी पुरेसे पोहोचेपर्यंत आणि त्यानंतरही, टँकर भरले गेले ते आपल्या विहिरींवर. आणि पाणी बाहेर जाण्याच्या वाटा अशा रुंदावत असताना आत जाण्याच्या वाटा आपण बुजवत होतो. बावखलात डबर टाकून कुठे इमारत उभी राहिली, कुठे वाहनतळ झाला. अंगणात फरशी आली.

किनाऱ्याजवळच्या पाण्याची एक खास अडचण आहे, ती सांगितलीच पाहिजे. जमिनीखाली गोडे पाणी आणि खारे पाणी यांच्यामध्ये भिंत नसते. गोडे पाणी हलके, म्हणून ते खाऱ्यावर तरंगते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॉलंडमधील बाडोन गायबेन यांनी आणि १९०१ मध्ये जर्मनीतील हर्झबर्ग यांनी याचा हिशेब मांडला. ढोबळमानाने असे की, गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या पातळीहून १ फूट वर असेल, तर तिच्याखाली सुमारे ४० फूट गोडे पाणी असते. ऐकायला हे फार दिलासा देणारे आहे. पण हाच हिशेब उलटही चालतो. उपसा करून वरची पातळी १ फूट खाली नेली, तर कालांतराने खालचे खारे पाणी ४० फूट वर सरकू शकते. आपल्याला वाटते एक फूट पाणी गेले; प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट ठेवा गेलेला असतो. आणि एकदा खारावलेली विहीर एका पावसाळ्यात सहसा गोडी होत नाही. तिला वर्षानुवर्षे लागतात.

हे सारे घडत असताना विहीर भरलेलीच दिसते, हा यातला मोठा धोका. पहिली वर्दी केळी देते. पानाच्या कडा करपतात. पानवेल पिवळी पडते. मग चहा नीट लागत नाही, साबणाला फेस येत नाही. तोवर उशीर झालेला असतो.

जे पुन्हा निर्माण होते ते संपण्याआधी ओरडून सांगत नाही, हे इतरत्रही दिसले आहे. कॅनडाच्या पूर्वेस न्यूफाउंडलंडच्या समुद्रात कॉड नावाची मासळी इतकी विपुल होती की, पाच शतके युरोपातील गलबते तिच्यावर पोसली गेली. पुढे रात्रंदिवस मासेमारी करणारी, मासळी बोटीवरच गोठवणारी प्रचंड जहाजे आली. जुलै १९९२ मध्ये कॅनडा सरकारला तिथली कॉडची मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे ३०,००० लोकांचा रोजगार गेला. काही वर्षांत सारे पूर्ववत होईल अशी आशा होती. व्यापारी मासेमारी मर्यादित प्रमाणात पुन्हा सुरू करण्याचा निर्णय झाला तो २०२४ मध्ये, म्हणजे ३२ वर्षांनी. ज्यांनी बंदीच्या आदल्या दिवशी जाळे ओढले त्यांची नातवंडे तोवर मोठी झाली. आपल्या कोळी बांधवांना हे वेगळे समजवायला नको. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राला विसावा द्यायचा, ही त्यांची परंपरा कायद्याहून जुनी आहे.

यापूर्वी मी ज्या धर्मग्रामात सेवेला होतो तेथील एक प्रसंग सांगतो. गावाचे आणि घरांचे नाव सांगत नाही. ज्यांचा आहे त्यांच्या संमतीने सांगतो आहे. दोन कुटुंबे शेजारी शेजारी, मध्ये जाई-जुईचे कुंपण. एकाच्या वाडीत मोठी विहीर. घरातल्या आजाराचा खर्च वाढला तेव्हा त्याने टँकरला पाणी देणे सुरू केले. दुसऱ्या वर्षी शेजाऱ्याची केळी करपली आणि त्याच्या विहिरीचे पाणी मचूळ झाले. बोलणे बंद झाले. मिस्साबलिदानात शांतीची खूण देण्याची वेळ आली की दोघे चर्चच्या दोन टोकांना उभे असत.

मी दोघांना बंगल्यावर बोलावले. पाणी विकणारा म्हणाला, “फादर, जमीन माझी, विहीर माझ्या बाबांनी खणली. माझ्या विहिरीतलं पाणी मी विकलं. याच्या वाडीत मी पाय तरी ठेवला का?”

शेजारी बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “फादर, याचे बाबा विहीर खणत होते तेव्हा माती वाहायला माझे बाबा होते. पाणी लागलं तेव्हा दोन्ही घरांनी गूळ वाटला होता. ते याला ठाऊक नाही, कारण हा तेव्हा जन्मलेला नव्हता.”

कायद्याच्या दृष्टीने पहिल्याचे बोलणे अगदीच निराधार नव्हते. १८८२ चा सुखाधिकारांचा कायदा जमिनीच्या मालकाला तिच्याखालचे पाणी घेण्याचा हक्क मानतो. महाराष्ट्राने २००९ साली भूजलाचा स्वतंत्र कायदा केला आणि ६० मीटरांपेक्षा खोल विहिरींवर बंधन घातले. पण सातबारा ज्याचा त्याचे पाणी, ही समजूत मनातून गेलेली नाही. मात्र पाणी सातबारा वाचत नाही. ते कुंपणाखालून वाहते. माझ्या विहिरीत आलेला थेंब काल शेजाऱ्याच्या केळीखाली होता आणि मी उपसला नसता तर उद्या तिसऱ्याच्या विहिरीत गेला असता. देवाने निर्माण केलेल्या वस्तू सर्व मानवांसाठी आहेत आणि खासगी मालकी ही त्या मूळ हेतूच्या अधीन आहे, ही ख्रिस्तसभेची जुनी शिकवण आहे. सेमिनरीत ती शिकताना मला ती कारखानदार आणि मजूर यांच्यासंबंधी वाटली होती. त्या संध्याकाळी ती जाई-जुईच्या कुंपणाला टेकून उभी असलेली दिसली.

तोडगा साधा निघाला. औषधपाण्याचा भार काही प्रमाणात गावातील मंडळींनी उचलला. टँकर बंद झाले. दोघांनीही ठरवले की पंप सकाळी ठरावीक वेळच चालेल आणि रात्री दोन्ही विहिरींना विसावा मिळेल. शेजाऱ्याचे पाणी पूर्वीसारखे गोड झाले असे मी म्हणणार नाही. माझी बदली झाली तेव्हा ते उन्हाळ्यात अजून मचूळच लागत होते. पण खारेपणा वाढायचा थांबला होता आणि शांतीची खूण देताना दोघे एका बाकावर होते.

या प्रश्नात बिल्डर, टँकरवाले, सरकार यांच्याकडे बोट दाखवणे सोपे आहे आणि त्यात तथ्यही आहे. पण बावखल बुजवणारा डबराचा ट्रक आपल्याच वाडीच्या फाटकातून आत येतो आणि ते फाटक कोणीतरी आतून उघडलेले असते. उत्पत्तीच्या पुस्तकातील इसहाकाची कथा मला या संदर्भात फार बोलकी वाटते. त्याच्या बापाने, अब्राहामाने, खोदलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी मत्सरापोटी माती टाकून बुजवल्या. त्या काळी विहीर बुजवणे हे वैऱ्याचे काम मानले जाई. आज आपण ते स्वतःच, पैसे मोजून, करतो. इसहाकाने मात्र त्या विहिरी पुन्हा खणल्या आणि त्यांना आपल्या बापाने दिलेली नावेच दिली. नव्या विहिरींवरून भांडण झाले तेव्हा तो दोनदा मागे सरला; तिसरीवर भांडण झाले नाही, तेव्हा तिला त्याने रहोबोथ, म्हणजे ऐसपैस जागा, असे नाव दिले. एका विहिरीभोवती सर्वांना जागा असावी, हे त्याचे स्वप्न होते.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात शुद्ध पिण्याच्या पाण्याला मूलभूत मानवी हक्क म्हटले आणि पृथ्वी हे आपले सामाईक घर असल्याची आठवण दिली. परिपत्रके वाचून आपण कपाटात ठेवतो. म्हणून मी एक छोटा हिशेब मांडतो. एक गुंठा जागेवर, २००० मिलिमीटर पाऊस धरला, तरी एका पावसाळ्यात सुमारे २ लाख लिटर पाणी पडते. म्हणजे १०,००० लिटरचे २० टँकर. आपल्या चर्चचे छप्पर, शाळेचे छप्पर, सभागृहाचे छप्पर किती गुंठ्यांचे आहे ते प्रत्येक धर्मग्रामाने मोजावे. ते पाणी गाळून आवारातील जुन्या विहिरीत सोडायला मोठा खर्च येत नाही. एका पाळकीय समितीत आवारभर सिमेंटचे ठोकळे बसवण्याचा विषय निघाला. चिखल होणार नाही, लग्नाच्या दिवशी पाहुण्यांची सोय होईल, असे बहुतेकांचे म्हणणे होते. तेव्हा एक वयस्क भगिनी म्हणाल्या, “फादर, पाहुण्यांच्या पायांची सोय झाली, पण पावसाने कुठून आत जायचं?” त्या प्रश्नाला कोणाजवळ उत्तर नव्हते. चालण्यापुरती वाट फरशीची झाली, उरलेली माती उघडी राहिली.

अशा गोष्टी लहान आहेत, पण आपल्या हातातल्या आहेत. ज्याच्या वाडीत बावखल शिल्लक आहे त्याने ते भाराभर जागा न समजता ठेव समजावी. अलीकडे काही तरुण मंडळी बावखले साफ करण्यासाठी पुढे आली आहेत. त्यांच्या पाठीशी उभे राहावे. उपवासकाळात आपण मांसाहार सोडतो, तसा पंपालाही काही तासांचा उपवास घडवावा. लेवीयाच्या पुस्तकात परमेश्वराने माणसाला आणि त्याच्या गुराढोरांना विसावा देऊन थांबले नाही; सातव्या वर्षी जमिनीलाही विसावा द्यायला सांगितले. पूर्वी जनावर थकून आपल्याकडून ती आज्ञा नकळत पाळून घेत असे. यंत्र ती पाळणार नाही. आता विहिरीला विसावा द्यायचा तर तो माणसाने समजून उमजून द्यायला हवा. त्यासाठी सद्सद्विवेकाखेरीज दुसरे साधन उरलेले नाही.

सूखार गावाच्या विहिरीवर प्रभू येशू थकून बसला आणि त्याने एका शोमरोनी स्त्रीपाशी पाणी मागितले. संत योहानाने तिच्या बोलण्यातली एक गोष्ट आवर्जून टिपून ठेवली आहे. ती विहीर आपल्याला कोणी दिली, हे तिला ठाऊक होते. आपला पूर्वज याकोब, त्याचे पुत्र आणि त्याची जनावरे ते पाणी प्याली, हे ती अभिमानाने सांगते. याकोबाला होऊन तेव्हा शतकानुशतके लोटली होती, तरी विहिरीला पाणी होते आणि गावाला देणाऱ्याचे नाव स्मरत होते. नाब्लूस शहरात ती विहीर आजही यात्रेकरूंना दाखवली जाते.

आपली नातवंडे एके दिवशी वाडीतल्या विहिरीत डोकावून पाहतील. तेव्हा त्यांना पाणी दिसावे, आणि ते कोणी राखले हे सांगणारे कोणीतरी शेजारी असावे, एवढीच प्रभूचरणी प्रार्थना.